तर्कमंडलांतील दोषांचा माग

दौंड हे महाराष्ट्रातील एक जुने आणि वर्दळीचे रेल्वे जंक्शन. पुण्याहून सोलापूरमार्गे चेन्नईकडे जाणारा लोहमार्ग, १८७८ मध्ये सुरू झालेला मनमाडचा मार्ग आणि बारामतीचा फाटा येथे एकत्र येतात. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला इंजिन फिरवून न घेता जाता यावे म्हणून अलीकडच्या काळात स्वतंत्र कॉर्ड लाइनही झाली. एवढे मार्ग जेथे परस्परांना छेदतात, तेथे कोणती गाडी कोणत्या रुळावर घ्यायची हे स्टेशन मास्तर ठरवतो. मात्र त्याने ठरवले म्हणून सिग्नल हिरवा होतोच असे नाही. सांधा योग्य बाजूला वळून पक्का बसला आहे, पुढचा रूळ मोकळा आहे आणि त्या वाटेला छेदणारा दुसरा कोणताही मार्ग दिलेला नाही, या सर्व अटी एकाच वेळी पूर्ण झाल्या तरच दिवा बदलतो. अटींची ही साखळी सांभाळणाऱ्या यंत्रणेला इंटरलॉकिंग म्हणतात. ती लोखंडी दांड्यांनी साधलेली असो, रिलेंनी साधलेली असो वा संगणकीय चिपांनी, तिचा गाभा एकच असतो : होय किंवा नाही एवढीच उत्तरे देणारे तर्कमंडल, म्हणजेच लॉजिक सर्किट.

या मंडलातील एखादी तार तुटली, एखादा जोड कायमचा चिकटला किंवा चिपमधील लक्षावधी ट्रान्झिस्टरांपैकी एकच बिघडला तर काय होईल? प्रश्न वरवर पाहता तंत्रज्ञांच्या कार्यशाळेतला वाटतो. परंतु 'रूळ मोकळा आहे' असे सांगणारी रेषा कायम 'होय' याच स्थितीत अडकली, तर रूळ खरोखरच मोकळा असेपर्यंत कोणालाही काहीही जाणवणार नाही. दिवसेंदिवस गाड्या सुरळीत धावतील. ज्या दिवशी त्या रुळावर एखादी मालगाडी उभी असेल, त्याच दिवशी तो दोष प्रथम प्रकट होईल. म्हणून दोष प्रकट होण्याची वाट न पाहता त्याला मुद्दाम बोलते करणे आवश्यक ठरते. हे कमीत कमी चाचण्यांत आणि कमीत कमी वेळात कसे करावे, हा गेल्या साठ-सत्तर वर्षांतील संगणकशास्त्राचा एक मोठा अभ्यासविषय आहे.

हाच प्रश्न दौंडच्या शेजारच्या शिरूर तालुक्यात वेगळ्या रूपात भेटतो. रांजणगावची औद्योगिक वसाहत घरगुती विद्युत उपकरणे आणि मोटारी यांच्या कारखान्यांसाठी ओळखली जाते. धुलाईयंत्र, शीतकपाट, दूरचित्रवाणी संच वा मोटार यांपैकी आज बहुतेक वस्तू नियंत्रक चिपेवाचून बनत नाहीत. तेथे जिवाचा प्रश्न दरवेळी नसतो, पण पैशाचा असतोच. या व्यवसायात एक जुना ठोकताळा आहे : सदोष चिप कारखान्यात सापडली तर जो खर्च येतो, त्याच्या दहापट खर्च ती पीसीबीवर बसल्यानंतर सापडल्यास येतो, तयार यंत्रात सापडल्यास आणखी दहापट आणि ग्राहकाच्या घरी सापडल्यास त्याच्याही दहापट. आकडे काटेकोर नाहीत. दिशा मात्र सर्वांना मान्य आहे.

सर्व शक्यता तपासणे का अशक्य?

सर्वसामान्य माणसाला सुचणारा उपाय सोपा आहे. मंडलाला शक्य तेवढे सर्व निवेश द्यावेत आणि दरवेळी उत्तर बरोबर येते का ते पाहावे. तीन निवेशांच्या मंडलासाठी हे ठीक आहे, कारण शक्यता आठच असतात. निवेश एकाने वाढला की शक्यता दुप्पट होतात. चौसष्ट निवेशांच्या मंडलाची सेकंदाला शंभर कोटी या वेगाने चाचणी घेतली, तरी सर्व शक्यता संपायला सुमारे ५८५ वर्षे लागतील. चौसष्ट निवेश ही आजच्या मानाने क्षुल्लक संख्या आहे. १९७१ मधील इंटेल ४००४ या पहिल्या व्यापारी मायक्रोप्रोसेसरमध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. २०२० मध्ये आलेल्या अॅपलच्या एम-१ या चिपेत ते १,६०० कोटी होते.

मार्ग निघाला तो प्रश्न उलटा विचारल्यामुळे. मंडल बरोबर चालते का, असे न विचारता 'अमुक दोष यात आहे का' असे विचारावे आणि शक्य दोषांची यादी आधीच करून ठेवावी. १९५९ मध्ये आर. डी. एल्ड्रेड यांनी मांडलेल्या विचारातून पुढे रूढ झालेले दोषाचे प्रतिमान आजही या शास्त्राचा पाया आहे. मंडलातील प्रत्येक रेषा एक तर कायम शून्यावर अडकलेली असू शकते किंवा कायम एकावर. प्रत्यक्ष बिघाड धुळीच्या कणामुळे झालेला असो, की धातूचा थर तुटल्यामुळे. त्याचा परिणाम बहुधा असा 'अडकलेल्या रेषे'सारखाच दिसतो. हे प्रतिमान वास्तवाचे ढोबळ चित्र आहे, हे त्याचा वापर करणारेही जाणून असतात. तरीही ते टिकले. कारण शक्यतांची संख्या त्यामुळे घातांकी न राहता रेषांच्या दुप्पट एवढीच उरते.

दौंडच्या यार्डातील कोणत्याही सिग्नलला लागू पडेल असे एक छोटे मंडल घेऊ. पहिला निवेश सांध्याचा : सांधा पक्का बसला असल्यास एक, अन्यथा शून्य. दुसरा निवेश रुळाचा : रूळ मोकळा असल्यास एक. तिसरा विरोधी मार्गाचा : छेदणारा मार्ग दिलेला असल्यास एक. पहिले दोन निवेश एका 'आणि' द्वारात जातात. हे द्वार दोन्ही निवेश एक असतील तरच एक देते. तिसरा निवेश 'नाही' द्वारातून उलटा होतो. या दोघांची उत्तरे दुसऱ्या 'आणि' द्वारात येतात आणि त्याच्या टोकाला हिरवा दिवा. तीन निवेश, दोन मधल्या रेषा आणि एक निर्गम, अशा एकूण सहा रेषा झाल्या. म्हणजे बारा दोष.

यांपैकी रुळाची रेषा कायम एकावर अडकल्याचा दोष शोधायचा आहे असे समजू. रेषा एकावर अडकली आहे हे कळण्यासाठी तिच्यावर शून्य टाकून पाहावे लागेल, म्हणजे रूळ व्यापलेला असल्याची स्थिती निर्माण करावी लागेल. आता मंडल निर्दोष असेल तर त्या रेषेवर शून्य आणि सदोष असेल तर एक असेल. हा फरक दिव्यापर्यंत पोहोचला पाहिजे. वाटेत सांध्याचा निवेश आहे. तो शून्य असला तर 'आणि' द्वाराचे उत्तर दोन्ही परिस्थितींत शून्यच येईल आणि फरक तेथेच गाडला जाईल. म्हणून सांधा एक हवा. पुढच्या द्वारातही तोच न्याय. तेथे विरोधी मार्ग शून्य हवा. चाचणी तयार झाली : सांधा बसलेला, रूळ व्यापलेला, विरोधी मार्ग नाही. दिवा तांबडा राहिला तर त्या रेषेत हा दोष नाही. हिरवा झाला तर मंडल सदोष आहे हे निश्चित.

दोष जागा करणे, त्याचा परिणाम दिसेल अशा ठिकाणापर्यंत वाहून नेणे आणि त्यासाठी लागणारी स्थिती निवेशांतून साधणे, या तीन पायऱ्यांत या शास्त्राचे बहुतेक सार आले. बाकी सर्व इतिहास या पायऱ्या अवाढव्य मंडलांत झटपट कशा चढाव्यात याचा आहे.

बारा दोषांसाठी बारा चाचण्या लागतात असेही नाही. 'आणि' द्वाराचा कोणताही निवेश शून्यावर अडकला काय किंवा त्याचे उत्तर शून्यावर अडकले काय, बाहेरून दिसणारा परिणाम एकच. आपल्या मंडलात असे सहा दोष एकमेकांपासून वेगळे ओळखताच येत नाहीत. सर्वांचे लक्षण एकच, दिवा कधीच हिरवा होत नाही. आणि सर्व अटी पूर्ण असतानाची एकच चाचणी त्या सर्वांना पकडते. सांधा एकावर अडकल्याचा दोष पकडणारी चाचणी पुढच्या द्वाराचा निर्गम एकावर अडकल्याचा दोषही आपसूक पकडते. असे करत गेल्यास चार चाचण्या पुरतात : सर्व अटी पूर्ण असलेली एक आणि प्रत्येक अट एकेकटी मोडलेली अशा तीन. दोषांची यादी अशी आकसवून घेणे ही या शास्त्रातील सर्वांत साधी आणि सर्वाधिक फायद्याची युक्ती आहे. दहा अटींच्या सिग्नलला १,०२४ नव्हे, तर अकरा चाचण्या पुरतात.

रॉथ ते साहनी, साहनी ते गोयल

ही रीत संगणकाला शिकवण्याचे श्रेय आयबीएममधील जे. पॉल रॉथ यांना दिले जाते. त्यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीचे नाव 'डी-अल्गोरिदम'. निर्दोष मंडलात एक आणि सदोष मंडलात शून्य अशा रेषेसाठी रॉथ यांनी 'डी' हे स्वतंत्र चिन्ह योजले आणि त्याच्या उलट स्थितीसाठी त्याचे व्यस्त चिन्ह. शून्य, एक, अज्ञात आणि ही दोन, अशा पाच मूल्यांवर बीजगणित चालवले की दोन मंडले एकाच वेळी चालवून पाहिल्यासारखे होते. दोषाच्या जागेपासून निघालेला 'डी' कोणत्या द्वारांतून पुढे सरकू शकतो याचा मागोवा संगणक घेतो. वाट बंद झाली की मागे येऊन दुसरी धरतो. चाचणी अस्तित्वात असेल तर ही पद्धत ती कधी ना कधी शोधतेच. अडचण 'कधी ना कधी' या शब्दांतच आहे.

ही अडचण केवळ पद्धतीची नसून प्रश्नाच्या स्वभावातच आहे, हे १९७५ मध्ये सिद्ध झाले. या निष्कर्षाशी पुण्याचा संबंध आहे. सरताज साहनी यांचा जन्म पुण्याचा, १९४९ चा. कानपूरच्या आयआयटीतून अभियांत्रिकीची पदवी आणि कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन ते मिनेसोटा विद्यापीठात गेले. तेथे ऑस्कर इबारा यांच्यासह त्यांनी दाखवून दिले, की तर्कमंडलातील दोषासाठी चाचणी अस्तित्वात आहे का हा प्रश्न त्या कुप्रसिद्ध प्रश्नकुलात मोडतो, ज्याला पुढे 'एनपी-पूर्ण' हे नाव रूढ झाले. या कुलातील प्रश्नांचे वैशिष्ट्य असे, की कोणी उत्तर आणून दिले तर ते बरोबर आहे का हे झटकन पडताळता येते. परंतु उत्तर शोधून काढणारी आणि प्रत्येक मंडलाला वेगाने लागू पडणारी रीत कोणालाही सापडलेली नाही. स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये या कुलाची पायाभरणी केल्यानंतर अवघ्या चार वर्षांत दोषशोधनाचा प्रश्न त्यात जाऊन बसला. १९८२ मध्ये हिदेओ फुजिवारा आणि शुनिची तोइदा यांनी ही सीमा आणखी आत ढकलली. मंडलात 'नाही' द्वार एकही नसले तरी प्रश्न तितकाच कठीण राहतो, असे त्यांनी दाखवले.

अशा निष्कर्षानंतर एखाद्या शाखेने हात टेकले असते तर नवल नव्हते. येथे उलट घडले. सर्व मंडलांसाठी वेगवान रीत नाही म्हणून काय झाले, माणसे प्रत्यक्षात बांधतात त्या मंडलांसाठी ती असू शकेल, अशा व्यवहारी भूमिकेतून काम पुढे गेले. १९८१ मध्ये आयबीएममधील प्रभू गोयल यांनी 'पोडेम' ही पद्धत मांडली. गोयल हेही कानपूर आयआयटीचे विद्यार्थी. चुकांची दुरुस्ती करणाऱ्या मंडलांपुढे डी-अल्गोरिदम अडखळतो हे त्यांच्या लक्षात आले होते. अशा मंडलांत रेषा एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात, की आतल्या रेषांना मनाने दिलेली मूल्ये परस्परविरोधी ठरतात आणि ते बऱ्याच उशिरा कळते. गोयल यांचा उपाय विलक्षण साधा होता. आतल्या रेषांबद्दल निर्णयच घ्यायचा नाही. निर्णय फक्त बाहेरच्या निवेशांबद्दल घ्यायचा आणि आत काय होते ते पुढे मोजून पाहायचे. निवेश एकमेकांपासून स्वतंत्र असल्याने विरोध उद्भवण्याचे कारणच उरत नाही. गोयल यांनी पुढे स्थापन केलेल्या गेटवे डिझाइन ऑटोमेशन या कंपनीतून 'व्हेरिलॉग' ही भाषा बाहेर पडली. जगभरातील चिपा आजही तिच्यात लिहिल्या जातात.

१९८३ मध्ये फुजिवारा आणि ताकेशी शिमोनो यांच्या 'फॅन' पद्धतीने शोध निवेशांपर्यंत न नेता, मंडलाचा गुंता जेथे संपतो त्या रेषांवरच थांबवला. १९८८ मध्ये जर्मनीत तयार झालेल्या 'सॉक्रेटिस' या प्रणालीने शोधात हाती आलेले निष्कर्ष लक्षात ठेवून पुन्हा वापरण्याची सोय केली. त्याच सुमारास ट्रेसी लॅराबी यांनी वेगळीच दिशा घेतली. निर्दोष आणि सदोष मंडले शेजारी ठेवून 'या दोघांची उत्तरे वेगळी येतील असा निवेश आहे का' हा प्रश्न एका लांबलचक तार्किक सूत्राच्या रूपात लिहायचा आणि सूत्रे सोडवणाऱ्या सर्वसाधारण प्रोग्रामकडे तो सोपवायचा. सुरुवातीला हा द्राविडी प्राणायाम वाटला. पण १९९६ मधील 'ग्रास्प' आणि २००१ मधील 'चाफ' या प्रोग्रामांनी चुकलेल्या प्रत्येक वाटेतून नवा नियम शिकण्याचे तंत्र रुजवले आणि लॅराबी यांची दिशा हेवा वाटावा इतकी फलदायी ठरली. आजच्या व्यावसायिक प्रणालींत जुनी आणि ही अशा दोन्ही रीती शेजारीशेजारी नांदतात. सोपे दोष जुन्या रीतीने क्षणात सुटतात; चिवट दोष सूत्रांच्या वाट्याला जातात.

प्रत्यक्षातील मंडले इतकी सुसह्य का असतात, याचे एक समाधानकारक उत्तर १९९९ मध्ये मुकुल प्रसाद, फिलिप चाँग आणि कुर्ट कॉयट्झर यांनी दिले. अभियंते मंडले तुकड्यातुकड्यांनी रचतात. मंडल योग्य क्रमाने मांडून मधोमध कापले, तर कापल्या जाणाऱ्या तारांची संख्या मंडलाच्या आकाराच्या मानाने फारच थोडी भरते. हा कापच शोधाचे कष्ट ठरवतो. कागदावरचा भयंकर प्रश्न कारखान्यात निमूट वागतो, तो यामुळे.

एका आज्ञेत चौसष्ट चाचण्या

चाचणी शोधणे महाग असते. हाती असलेली चाचणी कोणकोणते दोष पकडते हे मोजणे त्या मानाने स्वस्त. म्हणून शहाणपणाचा क्रम असा असतो, की एक चाचणी तयार झाली की तिने आणखी किती दोष आपोआप पकडले ते पाहायचे, ते यादीतून खोडायचे आणि उरलेल्यांकडेच वळायचे. बहुसंख्य दोष पहिल्या काही चाचण्यांतच गळून पडतात.

हे मोजण्याच्या रीतींत जी कल्पकता आहे, ती मात्र मुद्दाम सांगण्याजोगी आहे. संगणक दोन संख्यांवर 'आणि' ही क्रिया करतो तेव्हा तो चौसष्ट बिटांवर ती एकदमच करतो. सेषु यांनी १९६०च्या दशकातच याचा फायदा घेतला : शब्दाचा एक बिट निर्दोष मंडलाला आणि बाकीचे बिट एकेका सदोष मंडलाला दिले की एका आज्ञेत अनेक मंडले चालतात. १९८५ मध्ये आयबीएममधील वायकाउस्की आणि सहकाऱ्यांनी ही कल्पना आडवी फिरवली. दोष एकच घ्यायचा, पण चाचण्या शब्दभर. त्या दोषाचा परिणाम मंडलाच्या लहानशा भागापुरताच पसरतो. तेवढाच भाग पुन्हा मोजायचा आणि परिणाम विरला की थांबायचे. दरम्यानच्या काळात एका चाचणीत सर्व दोषांच्या याद्या द्वारागणिक वाहून नेणारी आर्मस्ट्राँग यांची रीत आणि निर्गमाकडून उलटे चालत जाऊन 'कोणत्या रेषा येथे निर्णायक आहेत' हे टिपणारी अब्रामोविची व सहकाऱ्यांची रीतही आली. पण साधेपणाच्या बळावर १९८५ ची कल्पना टिकली, आणि हजारो गणकांच्या आजच्या ग्राफिक्स चिपांवर तीच अधिक विस्ताराने चालते.

येथवरची सर्व चर्चा स्मरणशक्ती नसलेल्या मंडलांची झाली. खऱ्या चिपेत मागची स्थिती लक्षात ठेवणाऱ्या पेशी असतात आणि हव्या त्या स्थितीत पोहोचायलाच हजारो पावले लागू शकतात. या गुंत्याचे उत्तर गणिताने नव्हे, रचनेने दिले. १९७७ मध्ये आयबीएमच्या आयशेलबर्गर आणि विल्यम्स यांनी स्मृतिपेशींना चाचणीपुरते एका माळेत ओवण्याची शिस्त मांडली. चाचणीच्या वेळी हवी ती स्थिती माळेतून आत सरकवायची, एक ठोका द्यायचा आणि उत्तर त्याच माळेतून बाहेर ओढायचे. यासाठी चिपेवर थोडी जागा खर्च होते. आरंभी अनेक रचनाकारांनी त्याबद्दल कुरकुर केली. आज या माळांशिवाय मोठी चिप कोणी बांधत नाही. माळा लांबल्या तेव्हा चाचणीचा वेळ वाढला, मग चाचण्या दाबून पाठवून चिपेच्या आतच उलगडण्याची तंत्रे आली.

पीसीबीवरील जोडांसाठी पूर्वी खिळ्यांच्या बिछान्यासारखी साधने वापरत. प्रत्येक खिळा एकेका जोडाला टेकायचा. सुटे भाग बारीक होत गेले आणि खिळा टेकवायला जागाच उरली नाही. १९९० मध्ये मान्य झालेल्या एका आंतरराष्ट्रीय मानकाने चिपेच्या काठावरच्या प्रत्येक टोकाशी एक चाचणीपेशी बसवली आणि तीच माळेची युक्ती पाटीवर आणली.

पास झालेल्यांतील नापास

चाचण्यांनी यादीतील किती टक्के दोष पकडले याला व्याप्ती म्हणतात. नव्व्याण्णव टक्के व्याप्ती ऐकायला भक्कम वाटते. १९८१ मध्ये विल्यम्स आणि ब्राउन यांनी दिलेल्या सूत्राने ती पारखून पाहावी. कारखान्यात तयार होणाऱ्या चिपांपैकी निम्म्या निर्दोष असतात असे धरले, तर नव्वद टक्के व्याप्तीच्या चाचणीत पास झालेल्या दर दहा हजार चिपांमध्ये सुमारे ६७० सदोष निघतील. व्याप्ती ९९ टक्के केली तर सुमारे ६९ आणि ९९.९ टक्के केली तर सुमारे ७. शेवटच्या एका टक्क्यासाठी अभियंते एवढा आटापिटा का करतात, याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे.

चाचणीयंत्र चिपेतच बसवण्याचाही एक मार्ग आहे. काही स्मृतिपेशींना ठरावीक रीतीने जोडले की त्यांतून यादृच्छिक भासणाऱ्या संख्यांची लांब मालिका निघते. तीच चाचणी म्हणून वापरायची. स्वस्त, जलद आणि चिप कामाला लागल्यानंतरही केव्हाही चालवता येणारी अशी ही सोय. तिची मर्यादा मात्र आपल्या सिग्नलनेच समजते. वीस अटींच्या 'आणि' द्वाराला सर्व निवेश एक असलेली चाचणी लागते आणि नाणेफेकीने ती येण्याची शक्यता दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तरांत एक. असे चिवट दोष हेरून त्यांच्यासाठी स्वतंत्र चाचण्या ठेवाव्याच लागतात.

रेल्वेच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. जुन्या रिलेंची रचनाच अशी, की प्रवाह गेला की आतला खटका स्वतःच्या वजनाने खाली पडतो आणि सिग्नल तांबडा होतो. रुळांतून वाहणारा प्रवाह गाडीच्या चाकांनी वळवला काय किंवा तार तुटल्याने थांबला काय, यंत्रणा 'रूळ व्यापलेला' असेच समजते. बिघाड झालाच तर तो सुरक्षित बाजूला कलतो. चिपेतल्या ट्रान्झिस्टरला असा कल नसतो. तो शून्यावर अडकेल तसा एकावरही अडकेल. म्हणून इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंगमध्ये दोन प्रोसेसरांचे एकमत किंवा तिघांपैकी दोघांचे बहुमत घेण्याची पद्धत आहे. परंतु बहुमत दोष झाकते. तिघांपैकी एक बिघडला तरी बाहेरचे उत्तर बरोबरच येते आणि बाहेरून घेतलेल्या कोणत्याही चाचणीत तो दोष सापडत नाही. दोषशोधनाच्या भाषेत असा दोष अचाचणीय ठरतो. दुसरा बिघडण्याआधी पहिला कळावा म्हणून प्रत्येक प्रोसेसरला स्वतंत्रपणे, काम चालू असताना वरचेवर तपासावे लागते.

या सर्व शास्त्राच्या कुंपणाबाहेर काय राहते, हेही स्पष्ट असावे. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार येथे कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला, पण सांधा लूप लाइनकडे वळलेला होता. गाडी तेथे उभ्या असलेल्या मालगाडीवर आदळली आणि २९० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलच्या मंडलांत बदल करताना झालेल्या त्रुटींवर बोट ठेवले गेले. तेथे कोणतीही रेषा झिजून अडकली नव्हती. माणसांनी मंडलच चुकीचे जोडले होते. मंडल आराखड्याबरहुकूम आहे का हे दोषशोधन सांगते. दुरुस्तीनंतर आराखड्याप्रमाणे सर्व अटी एकेक करून पुन्हा मोडून पाहिल्या का, हा प्रश्न शिस्तीचा आहे. तंत्र मात्र तेच, प्रत्येक अट एकेकटी मोडून पाहण्याचे.

भारतात चिपा रचणाऱ्या अभियंत्यांची संख्या पूर्वीपासून मोठी आहे. त्या बांधण्याचे आणि तपासण्याचे काम आता वाढू लागले आहे. गुजरातेत साणंद आणि आसामात जागीरोड येथील प्रकल्प मुख्यतः चिपांची जुळणी आणि चाचणी यांसाठीच आहेत. रांजणगावच्या तिसऱ्या टप्प्यात सुमारे २९७ एकरांवर इलेक्ट्रॉनिक उत्पादनांचा समूह उभारण्यास केंद्र सरकारने मंजुरी दिल्याचे ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी जाहीर झाले. त्याचा विकासखर्च सुमारे ४९३ कोटी रुपये धरण्यात आला होता.

दरम्यान, सर्व चाचण्या पास होऊन कामाला लागलेल्या चिपांनीच नवा प्रश्न उभा केला आहे. २०२१ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी नोंदवले, की त्यांच्या काही हजार संगणकांमागे काही प्रोसेसर-गाभे अधूनमधून चुकीचे उत्तर देतात आणि तसे देताना कोणतीही सूचना करत नाहीत. त्याच वर्षी फेसबुकच्या अभियंत्यांनी असा एक गाभा हुडकून काढला. एक पूर्णांक एक दशांश या संख्येचा त्रेपन्नावा घात काढून त्याचा पूर्णांक भाग विचारला, तर उत्तर १५६ यायला हवे. हा गाभा शून्य सांगत होता. इतर बहुतेक गणिते तो बिनचूक करी. त्या शून्यामुळे फाइलचा आकार शून्य समजला जाई आणि फाइल नाहीशी होई. अशा चिपांची तपासणी कारखान्यापुरती न ठेवता त्या वापरात असतानाही अधूनमधून करण्याची प्रथा त्यामुळे बळावत आहे. मोटारींत ती आधीच शिरली आहे : ब्रेक वा एअरबॅग सांभाळणाऱ्या अनेक चिपा मोटार सुरू होताना, चालकाचा पाय क्लचवर जाईपर्यंतच्या वेळात, स्वतःची चाचणी स्वतःच उरकून घेतात.